आईला अंगात किडे शिरले आहेत असे ठामपणे वाटते. तिच्याशी कसे बोलावे?

प्रश्न

माझी आई ६४ वर्षांची आहे. ती प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि बाबांसह सांगलीला राहते. मी नोकरीसाठी पुण्याला असते. गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरच्या जुन्या गाद्या तिने एकटीने खाली काढून उन्हात घातल्या आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत तिच्या अंगाला खाज सुटू लागली. ढेकूण किंवा पिसवा असतील असे तेव्हा आम्हा सर्वांनाच वाटले, म्हणून दोनदा औषध फवारून घेतले, गाद्या टाकून दिल्या, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या. खाज गेली नाही. आता आईचे म्हणणे असे की त्या गाद्यांतले बारीक किडे तिच्या कातडीखाली शिरले आहेत, तेथेच अंडी घालतात आणि रात्री दिवा मालवला की मानेपासून दंडापर्यंत सरसरत जातात.

ती हे किडे काडेपेटीत जमवते. अशा अकरा काडेपेट्या तिच्या कपाटात आहेत आणि प्रत्येकीवर चिकटवलेल्या कागदावर तारीख, वेळ आणि शरीराची जागा लिहिलेली आहे, तीही हजेरीपटावर लिहायची त्याच वळणदार अक्षरात. मी त्या उघडून पाहिल्या. आत काळे ठिपके, खपल्यांचे तुकडे, कापसाचे तंतू आणि एकीत खसखशीच्या दाण्यासारखे काहीतरी होते. मला किडा दिसला नाही, आणि तसे सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी खरजेचे मलम तीन वेळा लावायला दिले. दुसऱ्यांनी काडेपेटी न उघडताच "हे सगळे मनाचे खेळ आहेत" असे सांगून तिला परत पाठवले. तिसऱ्यांनी मनोविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली, ती तिने दवाखान्याच्या पायरीवरच फाडली. त्यानंतर ती घरचे उपाय करू लागली. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी आणि करंजेल तेल येथपर्यंत ठीक होते, पण नंतर आंघोळीच्या पाण्यात फिनेल आले आणि मागच्या महिन्यात तिने हातांना रॉकेल चोळले, त्याने कातडी भाजून निघाली. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला ती आता जवळ घेत नाही, कारण किडे तिला लागतील अशी तिला भीती वाटते. बाबाही अलीकडे अंग खाजवू लागले आहेत. तिला मधुमेह आहे आणि बारा वर्षांपासून ती त्याच्या गोळ्या घेते.

खरोखर एखादा किडा असण्याची शक्यता उरते का, हे मला विचारायचे आहे. नसेल, तर तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे? एका नातेवाइकांनी मनोविकाराची गोळी चहातून देण्याचा सल्ला दिला आहे; माझे मन त्याला तयार होत नाही, पण तिचे हाल पाहवत नाहीत.

उत्तर १ : एक त्वचारोगतज्ज्ञ, कोल्हापूर

प्रथम चहाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. कृपया तसे करू नका. ज्या व्यक्तीला आपल्याविरुद्ध काहीतरी लपून वावरते आहे असे आधीच वाटते, तिला घरच्याच माणसांनी चोरून औषध दिल्याचे कळले तर पुढे कोणाच्याही हातचे औषध ती घेणार नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हा उपचाराचा मूळ नियम आहे. औषधाचे वैद्यकीय धोकेही आहेत, त्याकडे नंतर येतो.

आता मूळ प्रश्न. तुमच्या आईंना होणारा त्रास खरा आहे. त्यांना खाज सुटते, सरसर जाणवते, झोप लागत नाही, यातले काहीही त्या रचून सांगत नाहीत. मराठीत आपण हातापायांना मुंग्या आल्या असे रोज म्हणतो, पण म्हणून कोणी मुंगी शोधत नाही, कारण ती संवेदना मज्जातंतूंची आहे हे आपल्याला ठाऊक असते. काही व्यक्तींच्या बाबतीत हे ठाऊकपण सुटते. संवेदना तीच राहते, पण तिच्यामागे जिवंत प्राणी आहे ही खात्री मनात इतकी घट्ट बसते की कोणतीही तपासणी ती हलवू शकत नाही. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जॉर्ज तिबिएर्ज यांनी १८९४ मध्ये अशा रुग्णांविषयी लिहिले होते, आणि स्वीडनचे चेताविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी १९३८ मध्ये केलेल्या सविस्तर वर्णनामुळे या विकाराला एकबोम यांचे नाव मिळाले. काडेपेटीचे म्हणाल, तर डबीत पुरावा घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या या खुणेला वैद्यकात काडेपेटीची खूण असेच म्हणतात. लॅन्सेट या नियतकालिकात १९८३ मध्ये ती त्याच नावाने नोंदली गेली. आज काडेपेटीच्या जागी औषधाची बाटली, प्लास्टिकची पिशवी किंवा मोबाइलमधले फोटो येतात. तुमच्या आईंनी केले ते जगभरातले रुग्ण करतात, आणि त्यामागे फसवणूक नसून आपले म्हणणे कोणीतरी नीट पाहावे एवढीच धडपड असते.

तरीही मी त्यांना आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणार नाही. आधी त्यांना चांगल्या प्रकाशात, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, भिंगातून तपासावे लागेल, कारण खरूज हा खरा आजार आहे आणि तो निसटू शकतो. खरजेच्या किड्याची मादी सुमारे ०.४ मिलिमीटर लांबीची असते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेभोवती ती त्वचेच्या वरच्या थरात बारीक, राखाडी रेघेसारखे बीळ पोखरते आणि डर्मोस्कोप या त्वचा तपासण्याच्या भिंगातून त्या बिळाच्या टोकाशी तिचे डोके लहानशा त्रिकोणासारखे दिसते. साध्या खरजेत साऱ्या शरीरावर दहा-पंधराच मादी असतात, त्यामुळे घाईच्या तपासणीत त्या सापडत नाहीत. मलमाचेही तसेच आहे. पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायांपर्यंत, नखांच्या खाली आणि सांध्यांच्या घड्यांतही, रात्रभर लावून आठवड्याने पुन्हा लावायचे असते, आणि घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचे असते. फक्त खाजते तिथेच लावलेले मलम काम करत नाही. उपचार नीट झाला तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. त्या काळात रुग्णाला किडे गेलेच नाहीत असे वाटते आणि मलमाचा मारा सुरू होतो, ज्याने त्वचा कोरडी पडून खाज आणखी वाढते.

आणखी एक गोष्ट पाहा. जखमा कुठे आहेत? पाठीच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही, तिथली त्वचा स्वच्छ असेल आणि हात पोचतो तिथेच ओरखडे असतील, तर ती नखांची खूण असते. किडा हात पोचण्याची जागा पाहून चावत नाही.

त्यानंतर रक्ततपासणी, आणि तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला मधुमेहाची वाटली. मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांमध्ये जीवनसत्त्व ब-१२ कमी होऊ शकते, शाकाहारी व्यक्तींमध्ये तर अधिकच, आणि ब-१२ च्या कमतरतेने मज्जातंतूंच्या मुंग्या येतात, क्वचित मनावरही परिणाम होतो. खुद्द मधुमेहानेही मज्जातंतू बिघडतात. म्हणून ब-१२, थायरॉइड, लोह, मूत्रपिंड, यकृत, रक्तातील पेशींची मोजणी आणि तीन महिन्यांची साखर पाहावी. कंपवाताच्या काही गोळ्या, कोकेनसारखी उत्तेजक द्रव्ये, दीर्घकाळची दारू अचानक सोडणे आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात यांनीही असाच भास होतो. यातले काही सापडले तर उपचाराची दिशाच बदलते.

काही न सापडल्यास औषध आहे, आणि ते पुष्कळदा उपयोगी पडते. पूर्वी पिमोझाइड वापरत. त्याने हृदयाच्या लयीत बिघाड होण्याचा धोका असल्यामुळे आता बहुधा रिस्पेरिडोन, ओलान्झापिन किंवा अमिसलप्राइड यांची लहान मात्रा निवडतात. ती गोळी त्वचारोगतज्ज्ञही देऊ शकतात, विशेषतः मनोविकारतज्ज्ञांशी बोलून. वयस्कर व्यक्तीला ती सुरू करण्यापूर्वी हृदयाचा आलेख आणि स्मरणशक्ती पाहावी लागते, साखरेवरही लक्ष ठेवावे लागते; चहात गोळी विरघळवणाऱ्याला हे काहीच करता येत नाही. गोळी देताना मी रुग्णाला सांगतो की ही गोळी मनोविकारांसाठी वापरतात हे खरे आहे, माहितीपत्रकातही ते लिहिलेले असेल, आणि अंगावरची सरसर व तिची सततची काळजी या दोन्हींवरही ती काम करते. यात एकही शब्द खोटा नाही आणि बरेच रुग्ण एवढ्यावर तयार होतात.

बाबांविषयी : एका घरात राहणाऱ्या जवळच्या व्यक्तीला तसेच वाटू लागणे या विकारात अनोळखी नाही. त्यांचीही तपासणी करा, कारण दोघांना खाज असेल तर खरजेची शक्यता पुन्हा एकदा पाहिलीच पाहिजे. खरूज नसेल, तर आईंना आराम पडल्यावर बाबांची खाज बहुधा आपोआप मागे पडेल.

उत्तर २ : कीटकशास्त्राचा अध्यापक

मी कृषी महाविद्यालयात शिकवतो आणि दर वर्षी दोन-तीन व्यक्ती अशा डब्या घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे काडेपेटीच्या आतल्या बाजूविषयी लिहितो.

मी प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो आणि जे दिसते तेच कागदावर लिहून देतो : कापसाचा तंतू, रक्ताची सुकलेली खपली, केसाचे मूळ, धान्याचा कोंडा, कधी मुंगीचा पाय. कीटक असेल तर त्याच्या शरीराचे खंड आणि पायांच्या तीन जोड्या दिसतात, प्रौढ माइटला, म्हणजे खरजेच्या किड्यासारख्या सूक्ष्म जीवाला, चार जोड्या असतात, आणि तंतू कितीही वळवळल्यासारखा वाटला तरी त्याला यातले काही नसते. मात्र मी कधीही "तुमच्या अंगात किडे नाहीत" असे म्हणत नाही. या नमुन्यात किडा नाही, एवढेच माझ्या कामाच्या मर्यादेत बसते आणि तेवढेच ऐकून घेतले जाते.

घरात खरे कारण शोधायचे असेल तर खिडकीबाहेर किंवा एसीच्या मागे कबुतराचे घरटे आहे का ते पाहा. पिल्ले उडून गेल्यावर त्या घरट्यातले माइट अन्नाच्या शोधात घरात शिरतात आणि माणसाला चावतातही. पण ते आपल्या कातडीत राहू शकत नाहीत, घरटे काढून जागा साफ केली की संपतात. जुन्या गाद्यांत आणि लोकरी कपड्यांत राहणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे बारीक केस अंगाला लागले तरी काही जणांना पुरळ येते. माळ्यावरच्या गाद्या काढताना तसे काही घडले असणे अगदी शक्य आहे. म्हणजे सुरुवात खऱ्या कारणाने झाली असेल आणि ते कारण गाद्यांबरोबरच घराबाहेर गेले असेल.

आणखी फवारणी कृपया थांबवा. घरगुती फवाऱ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली रसायने असतात आणि ती त्वचेला लागली की काही तास मुंग्या आल्यासारखी चुणचुण होते. आई फवारा मारतात, हाताला चुणचुण होते, आणि त्यांना किडे चवताळले असे वाटते.

उत्तर ३ : ठाण्याचे एक गृहस्थ

माझ्या पत्नीला हा त्रास पाच वर्षांपूर्वी झाला. वैद्यकीय भाग वर आला आहे. मी केवळ बोलण्याविषयी लिहितो, कारण तुमचा तो प्रश्न वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो होतो.

पहिले सात महिने मी वाद घातला. भिंग आणले, टॉर्च आणला, इंटरनेटवरचे लेख छापून तिच्या पुढ्यात ठेवले. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले एक संशोधन होते : कातडीतून तंतू निघतात असे म्हणणाऱ्या, मॉर्गेलॉन्स हे नाव लावून घेणाऱ्या ११५ जणांना त्यात घेतले होते, आणि त्यांच्या त्वचेवरचे तंतू बहुतेक कापसाचे निघाले, जंतू किंवा परजीवी सापडला नाही. मला वाटले, हे वाचून तिला पटेल. तिने शांतपणे वाचले आणि विचारले, "म्हणजे एवढ्या लोकांना होते ना?" त्या दिवशी मला कळले की मी तिच्याशी एका खटल्यातल्या वकिलासारखा वागत होतो आणि ती त्या घरात एकटी पडली होती.

त्याच काळात उलट चूकही केली. तिच्या समाधानासाठी एकदा म्हणालो, "हो, दिसला, मारला मी." ती रात्र तिला गाढ झोप लागली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने दर तासाला मला बोलावून पाहायला लावले. खोटे बोलून मिळालेली शांतता एका रात्रीपुरती होती, आणि पुढे मी दिसत नाही म्हणालो की ती म्हणायची, तेव्हा कसा दिसला होता?

मग एका डॉक्टरीणबाईंनी मला एक वाक्य शिकवले आणि ते मी अक्षरशः पाठ केले : "तुला होतो तो त्रास मला दिसतो. किडा मला दिसत नाही. त्रास कमी व्हावा म्हणून आपण दोघे मिळून जाऊ." त्यात तिचे म्हणणे खोटे ठरत नव्हते आणि माझेही खोटे होत नव्हते. रात्री ती उठून बसली की मी किड्यांचा विषय न काढता तिच्या हातांना खोबरेल तेल लावायचो. तिला हे आवडायचे. तेल लावता लावता ती किड्यांऐवजी तिच्या धाकट्या भावाविषयी बोलू लागली, तो त्याच वर्षी गेला होता. त्याचा संबंध होता की नव्हता हे मी सांगू शकत नाही, पण सात महिन्यांत मी तिला त्याच्याविषयी एकदाही विचारले नव्हते.

आम्ही दर पंधरा दिवसांनी त्याच बाईंकडे जात राहिलो. डॉक्टर बदलणे थांबले, ही माझ्या मते अर्धी लढाई होती. बाई प्रत्येक वेळी आधी त्वचा पाहायच्या, जखमांना मलम द्यायच्या, डबी उघडून बघायच्या. चौथ्या भेटीत तिने गोळी घेण्याचे मान्य केले. सुमारे सहा आठवड्यांनी सरसर कमी झाली असे ती स्वतःहून म्हणाली. पुढे बरे वाटते म्हणून आम्हीच गोळी बंद केली आणि अडीच महिन्यांत सगळे परत आले. ही चूक तुम्ही करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा कमीही करू नका.

आज ती बरी आहे, भिशीला जाते, नातवंडांना सांभाळते. पण विचारले तर आजही सांगेल की तेव्हा किडे होते आणि औषधाने मेले. आम्ही कोणी ते खोडून काढत नाही. तिच्याकडून "मला भ्रम झाला होता" हे वदवून घेण्याची मला पूर्वी फार ओढ होती, आता नाही.

आणि एक कळकळीची विनंती. रॉकेल, फिनेल आणि फवारे घरातून आजच हलवा. आई फार निराश होऊन जगण्यात अर्थ नाही असे काही बोलू लागल्या तर क्षणभरही वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, तेथे घरच्या माणसांनाही बोलता येते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर, सहा आठवड्यांनंतर

तिघांचीही मी मनापासून ऋणी आहे. आईला एकटे वाटू नये म्हणून रजा घेऊन मी सांगलीला आले आणि ते वाक्य जसेच्या तसे म्हटले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पण डब्या बघायला हव्यात त्यांनी." ते मान्य करणारे त्वचारोगतज्ज्ञ आम्ही फोनवर आधी विचारून शोधले. त्यांनी तिला पाऊण तास दिला, आईला आणि बाबांनाही भिंगातून तपासले, अकराच्या अकरा काडेपेट्या एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीत काय आहे ते तिच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहून घ्यायला लावले. खरूज दोघांनाही नव्हती. आईच्या पाठीचा मधला भाग, तुम्ही लिहिले होते तसा, स्वच्छ होता. खसखशीचा दाणा खसखशीचाच निघाला.

ब-१२ बरेच कमी आले आहे, त्याची इंजेक्शने चालू आहेत आणि पायांच्या मुंग्या उतरल्या असे ती म्हणते. दंडावरची सरसर मात्र राहिली. हृदयाचा आलेख पाहून आणि मनोविकारतज्ज्ञांशी बोलून डॉक्टरांनी तिच्या संमतीने लहान मात्रेची गोळी दिली, त्याला आता सतरा दिवस झाले. ही गोळी मुख्यतः कशासाठी वापरतात हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितले. तिने विचारले, "म्हणजे मी वेडी नाही ना?" ते म्हणाले, "तुम्हाला झोप नाही, हात भाजलेले आहेत, आणि हे दोन्ही बरे करायचे आहे." कबुतराचे घरटे स्वयंपाकघराच्या खिडकीमागे खरोखर होते, तेही काढले. बाबांची खाज थांबली आहे.

बारावी काडेपेटी तिने सुरू केली आहे, पण गेल्या आठवड्यात त्यात एकच नोंद आहे. काल माझी मुलगी तेलाची वाटी घेऊन तिच्यापुढे जाऊन बसली. आई आत गेली, हातमोजे घालून आली आणि तिच्या केसांना तेल लावून दोन वेण्या घातल्या.